अभ्यासक्रम ठरवण्याचा खेळ : पत्ते झकास, पण एक पत्ता कमी

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांसाठी विकला जाणारा एक भूमिका-खेळ आमच्या गटाने मागवला. गटात बहुतेक जण गणित-विज्ञान शिकवणारे, दोघी भाषेच्या, एक मुख्याध्यापक. खेळ बऱ्याचदा खेळून झाला, त्यावरून भांडणंही झाली, आणि आता त्याबद्दल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. बनवणाऱ्यांचं नाव देत नाही. कौतुकाइतक्याच तक्रारी आहेत, आणि मला त्यांची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही.

खेळाचा विषय असा : शाळेत काय शिकवायचं आणि शिकवणाऱ्याची पात्रता काय असावी, हे निवडून आलेल्यांनी ठरवायचं की शिक्षण हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी? शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर एका सेकंदात मिळतं. ‘त्यांना काय कळतंय?’ खेळ विकत घेण्याचं कारण हेच, की या उत्तराच्या पुढे जरा जाऊन बघावं.

खोक्यात एक दुमडता पट आहे. त्यावर आठवड्याचं वेळापत्रक, तासिकांचे रिकामे चौकोन. हिरवे पत्ते विषयांचे आणि घटकांचे : अपूर्णांक, उत्क्रांती, रस्ता सुरक्षा, पैशाचं नियोजन, प्रथमोपचार, संगणक, इतिहासातले वादाचे धडे. निळे पत्ते शिक्षकाच्या पात्रतेचे : कोणती पदवी, किती सराव-अध्यापन, प्रवेशपरीक्षा असावी का, नालायक ठरलेल्याचा परवाना कोण काढून घेणार. लाल पत्ते प्रसंगांचे, खऱ्या घटनांवर बेतलेले. खेळाडूंचे दोन गट, लोकप्रतिनिधी आणि शिक्षणतज्ज्ञ. उरलेले दोघं-तिघं पालक. पटाच्या कडेला दोन मोजपट्ट्या आहेत, ‘लोकांचा विश्वास’ आणि ‘मुलांचं शिकणं’. शेवटी दोन्ही ठरावीक रेषेच्या वर असतील तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले.

यातली सर्वांत हुशार कल्पना गुप्त चिठ्ठीची. प्रत्येक लोकप्रतिनिधीला चिठ्ठीतून त्याच्या मतदारांची एक मागणी मिळते. इथपर्यंत कोणालाही सुचलं असतं. पण तज्ज्ञांनाही चिठ्ठी मिळते : तुझा विषय अमुक, त्याचे तास कमी होऊ द्यायचे नाहीत. म्हणजे मतदारसंघ दोघांनाही आहे, फक्त एकाचा जाहीर असतो आणि दुसऱ्याचा ‘विषयाची गरज’ या नावाखाली वावरतो. ज्याने हे खोक्यात घातलं तो माणूस नक्की कुठल्या तरी अभ्यास मंडळात बसून आला असणार.

आमचे मुख्याध्यापक एरवी परिपत्रकांच्या नावाने बोटं मोडतात. त्यांच्या वाट्याला लोकप्रतिनिधीची भूमिका आली, आणि दुसऱ्याच फेरीत ते टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘लोक जाब मला विचारतात, तुम्हाला कोण विचारतं?’ समोर तज्ज्ञ म्हणून बसलेल्या आम्हा सगळ्यांची बोलतीच बंद. खरंच, एखाद्या पालकाला भूगोलाचा धडा पटला नाही तर तो अभ्यासक्रम समितीतल्या कोणाला पदावरून काढू शकतो? कोणालाच नाही. पैसा लोकांचा, मुलं लोकांची, आणि निर्णय अशा माणसांचे ज्यांची नावंही कोणाला माहीत नसतात. हा मुद्दा मी व्याख्यानात ऐकला असता तर मान हलवून विसरून गेले असते. खेळात तो अंगावर येतो.

आता लाल पत्त्यांकडे. खेळाचा खरा जीव यांच्यात आहे, आणि चुकाही यांच्यातच आहेत.

‘पायचा कायदा’ (पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, साधारण 3.14) हा पत्ता सगळ्यांना सर्वांत जास्त आवडला. पत्त्यावर लिहिलंय की अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 1897 मध्ये पायची किंमत 3.2 ठरवणारा कायदा केला. गणिताच्या बाईने हे खपवून घ्यायचं म्हणजे अतीच झालं. कायदा झाला नव्हता. हौशी गणित करणाऱ्या एडविन गुडविन नावाच्या डॉक्टरला वाटलं की आपण वर्तुळाचा चौरस केला, म्हणजे वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याचं जुनं कोडं सोडवलं. त्याने राज्याला देऊ केलं की माझा हा शोध इथल्या शाळांना फुकट वापरू द्या, बाहेरच्यांनी मात्र पैसे भरावेत. विधेयकाचा क्रमांक 246. त्यात पाय हा शब्दही सरळ येत नाही, पण आकडे लावून पाहिले की एका ठिकाणी 3.2 बाहेर पडतं. ते आधी कालवे आणि दलदलीच्या जमिनींच्या समितीकडे गेलं, तिथून शिक्षण समितीकडे, आणि शिक्षण समितीने अनुकूल शिफारस केली. खालच्या सभागृहात 67 विरुद्ध 0 मतांनी मंजूर! योगायोगाने पर्ड्यू विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक सी. ए. वाल्डो वेगळ्याच कामासाठी तिथे आले होते. त्यांनी सिनेटरांना समजावलं, आणि सिनेटने विधेयक बेमुदत पुढे ढकललं. ते आजतागायत पुढेच ढकललेलं आहे.

पत्त्यावर हा सगळा शेवट गायब आहे, आणि त्यामुळे धडाच उलटा होतो. पत्ता वाचून सगळे हसतात, लोकप्रतिनिधी मूर्ख ठरतात, तज्ज्ञांना दोन गुण. मला यातली महत्त्वाची गोष्ट सिनेटची वाटते. तिथल्या बहुतेकांना गणित कळलं नव्हतंच, पण हा कायदा करण्याचा विषयच नव्हे एवढं त्यांना कळलं. लोकप्रतिनिधीकडून मला नेमकी हीच समज हवी आहे. त्याला पाय यायला हवा असं मुळीच नाही. कुठे मत द्यायचं नाही हे यायला हवं. पत्ता नीट लिहिला असता तर दोन्ही गट विचारात पडले असते. आहे त्या रूपात तो फक्त टाळी मिळवतो.

अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्याचा पत्ता यापेक्षा बरा आहे. 1999 मध्ये तिथल्या राज्य शिक्षण मंडळाने विज्ञानाच्या मानकांतून उत्क्रांतीचा बहुतेक भाग काढून टाकला. शास्त्रज्ञ आणि शिक्षकांच्या समितीने तयार केलेला मसुदा बाजूला सारून हे केलं. पुढच्या निवडणुकीत काही सदस्य पडले आणि 2001 मध्ये उत्क्रांती परत आली. 2005 मध्ये मंडळ पुन्हा फिरलं, तेव्हाच्या मानकांत उत्क्रांतीवर शंका घेणारी भाषा घुसली. 2007 मध्ये तीही काढली. पत्त्यावर ‘विधिमंडळ’ लिहिलंय, ते चूक. हे स्वतंत्रपणे निवडून आलेलं शिक्षण मंडळ होतं. पण खेळात त्याचा परिणाम छान बसवलाय : दर दोन फेऱ्यांनी उत्क्रांतीचा हिरवा पत्ता उलटायचा, आणि तो उलटा असताना ‘मुलांचं शिकणं’ एक घर खाली. आमच्यातला एक जण म्हणाला, लोकशाहीने शेवटी चूक सुधारलीच की. सुधारली, मान्य. पण 1999 मध्ये पहिलीत असलेलं पोर तोवर आठवी-नववीत पोचलं. मतदारांना पुढची निवडणूक असते, सातवीच्या वर्गाला दुसऱ्यांदा सातवी नसते.

इथपर्यंत खेळ शिक्षकांच्या बाजूने झुकलेला आहे, आणि तेच मला खटकतं. तज्ज्ञांच्या गटाकडे ‘संशोधन’ नावाचा हुकमाचा पत्ता आहे. तो टाकला की लोकप्रतिनिधींचा कुठलाही निर्णय रद्द. वाद नाही, मतदान नाही. खेळ बनवणारे शिक्षणक्षेत्रातले आहेत हे इथे लगेच कळतं. आपला तो बाब्या! संशोधन नेहमी तज्ज्ञांच्याच हातात असतं आणि तज्ज्ञ नेहमी संशोधनाप्रमाणेच वागतात, हे गृहीत कुठून आलं?

याच खोक्यातला ‘वाचन कायदा’ हा पत्ता बघा. मूळ प्रकरण असं. इंग्रजी वाचायला शिकवताना अक्षर आणि ध्वनी यांचं नातं पद्धतशीर शिकवावं, याला अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या 2000 सालच्या अहवालाने स्पष्ट दुजोरा दिला होता. तरीही अनेक अध्यापक महाविद्यालयांत आणि शाळांत चित्र बघून, वाक्यावरून शब्द ओळखायला लावणारी पद्धत वर्षानुवर्षं चालू राहिली. ती चालू ठेवणारे कोण होते? राजकारणी नव्हते, आपल्याच व्यवसायातले होते. प्रशिक्षण देणारे, पुस्तकं लिहिणारे, अनुभवी, मुलांवर माया असणारे. शेवटी राज्यांच्या विधिमंडळांनी कायदे करून ती मोडली. मिसिसिपीने 2013 मध्ये कायदा केला. राष्ट्रीय चाचणीत तिथल्या चौथीच्या मुलांचं वाचन तळाशी होतं, ते 2019 पर्यंत देशाच्या सरासरीला येऊन टेकलं. यातला काही वाटा तिसरीत मुलं मागे ठेवण्याचा आहे असा आक्षेप घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण इथे विधिमंडळ बरोबर होतं आणि व्यवसायातले बरेच जण चूक, हे नाकारता येत नाही. हा पत्ता वाचताना आमच्या भाषेच्या शिक्षिका बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आम्हाला प्रशिक्षणात जे दिलं तेच आम्ही दिलं.’ अगदी हेच तर आहे ना. शिक्षकाला निर्णय द्या म्हणताना त्या शिक्षकाला कोणी घडवलं हा प्रश्न मागच्या दाराने आत येतोच.

तक्रार अशी की पत्त्यावर या कायद्याचे तीन गुण लोकप्रतिनिधींना नुसते पत्ता टाकल्याबद्दल मिळतात. मिसिसिपीत कायदा लिहून सगळे घरी गेले नव्हते. शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक नेमले गेले, त्यासाठी पैसा आला. खेळात खर्चाची सोंगटीच नाही. त्यामुळे कायदा केला की मुलं वाचायला लागतात अशी समजूत होते. नुसत्या हुकमाचं काय होतं ते बघायला त्याच देशातला मोठा कायदा आहे : 2002 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने फर्मावलं की 2013-14 पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचन आणि गणितात ठरलेल्या पातळीवर यायलाच हवं. शंभर टक्के. अर्थातच आलं नाही, आणि 2015 मध्ये तो कायदा बदलावा लागला. हा पत्ता खोक्यात असायला हवा होता, वाचन कायद्याच्या शेजारीच. एका कायद्याने साधनं दिली, दुसऱ्याने निकाल मागितला.

फिनलंडचा पत्ता मात्र काढून टाकावा अशा लायकीचा. शिक्षणावरच्या प्रत्येक चर्चेत फिनलंड येतंच, तसं ते इथेही आलंय. पत्त्यावर लिहिलंय, ‘इथे सगळं शिक्षक ठरवतात’, आणि तो आला की लोकप्रतिनिधींनी एक फेरी गप्प बसायचं. वस्तुस्थिती अशी नाही. तिथे शिक्षणाची सर्वसाधारण उद्दिष्टं आणि कोणत्या विषयाला किती तास हे सरकार ठरवतं. त्या चौकटीत राष्ट्रीय शिक्षण संस्था मूळ अभ्यासक्रम लिहिते, सध्याचा 2014 मध्ये ठरला आणि 2016 पासून वर्गात आला. त्यावरून नगरपालिका आणि शाळा आपापला स्थानिक अभ्यासक्रम बनवतात, आणि त्यात शिक्षकांचा हात मोठा असतो. शाळा तपासणी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. पण हा विश्वास आकाशातून पडलेला नाही. 1970 च्या दशकाअखेरीस तिथे शिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली, आणि तो निर्णय सरकारचा होता. वरच्यांनी आधी दार अरुंद केलं, आणि दारातून आत आलेल्यांवर मग विश्वास टाकला. आपण या गोष्टीचा फक्त दुसरा अर्धा भाग सांगतो, कारण तो आपल्याला सोयीचा आहे.

आता शीर्षकातला कमी असलेला पत्ता : वगळण्याचा.

खेळाच्या नियमांप्रमाणे दर फेरीत प्रत्येक गट एक हिरवा पत्ता पटावर मांडू शकतो. पट भरला की? नियमपुस्तिका म्हणते, ‘पत्ते एकमेकांवर ठेवावेत, एका चौकोनात तीनपर्यंत चालतील.’ घोडं पेंड खातं ते इथे. एका तासिकेत तीन घटक! लोकप्रतिनिधींनी रस्ता सुरक्षा आणली, तज्ज्ञांनी संभाव्यता आणली, पालकांनी संगणक आणला, आणि काढलं कोणीच काही नाही. ‘लोकांचा विश्वास’ वर चढत जातो, कारण प्रत्येकाची मागणी पुरी झाली. ‘मुलांचं शिकणं’ किंचित खाली येतं, इतकं किंचित की कोणाचं लक्ष जात नाही.

प्रत्यक्षातही हेच होतं, आणि दोन्ही बाजूंकडून होतं. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. ठरवलं संसदेने, पण तपशील लिहिण्यासाठी प्रत्येक विषयाचा वेगळा तज्ज्ञगट नेमला गेला. प्रत्येक गटाने आपल्या विषयाला न्याय दिला. सगळे न्याय एकत्र केल्यावर ते आठवड्यात मावेनात. 1993 मध्ये शिक्षकांनी चाचण्यांवर बहिष्कार टाकला, आणि सर रॉन डिअरिंग यांना अभ्यासक्रम छाटण्यासाठी बसवावं लागलं. त्याच 1993 साली भारतात प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने मुलांच्या ओझ्यावरचा आपला अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि पुस्तकं घडवताना वर्गात शिकवणाऱ्यांचा सहभाग वाढवा असंही. व्यवस्था वेगळ्या, कारणंही सगळी सारखी नाहीत, पण दुखणं एकच : वाढवणारे पुष्कळ, वगळणारा कोणी नाही.

मी स्वतः एका अभ्यासक्रम-दुरुस्तीच्या बैठकांना शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून बसले आहे. कुठली ते राहू दे. तिथे एकही माणूस वाईट हेतूने आला नव्हता. प्रत्येकाच्या हातात भर घालण्याची यादी होती. ‘हे घटक काढू या’ अशी यादी कोणाच्याच हातात नव्हती, आणि कोणी काही काढायचं सुचवलं की ‘मग पुढच्या इयत्तेत अडेल’ हे ठरलेलं उत्तर. शेवटच्या दिवशी आमच्यापुढे सहीसाठी जे आलं त्यात पानं वाढली होती आणि तासिका तेवढ्याच होत्या. पोर्शन कोण आणि कधी पूर्ण करणार, याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

म्हणून आम्ही खेळात आमचा नियम घातला. एका चौकोनात एकच पत्ता. नवा मांडायचा असेल तर जुना काढायचा, आणि का काढला ते पालकांसमोर मोठ्याने सांगायचं. खेळ ओळखू येईना इतका बदलला! लोकप्रतिनिधी एकदम सावध झाले, कारण काहीही काढलं की कोणीतरी दुखावतं. तज्ज्ञ आपापसात भांडू लागले. आमच्या एका सहकाऱ्याने भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढण्याचा पत्ता छातीशी धरला. का ठेवायचा, तर ‘आम्ही शिकलोच ना!’ विज्ञानवाल्यांनी लॉगॅरिथमच्या कोष्टकांसाठी तितकीच जोरदार लढाई दिली, आणि तीसुद्धा त्यांच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना. पालकांच्या भूमिकेतल्या बाई शांतपणे एवढंच विचारत राहिल्या की हे नसेल तर माझ्या मुलाचं नेमकं काय अडेल? बऱ्याच पत्त्यांना उत्तर नव्हतं. काहींना फार चांगलं उत्तर मिळालं, आणि आम्ही वर्षानुवर्षं शिकवत असलेल्या अपूर्णांकांबद्दल इतकं नेमकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

तेव्हापासून माझं मत असं बनलं आहे. मुलांना किती वर्षं शिक्षण मिळायलाच हवं, शिकून त्यांना साधारण काय यायला हवं, त्यासाठी किती तास आणि किती पैसा, हे लोकप्रतिनिधींनी ठरवावं. त्यांनीच, कारण त्याचा जाब द्यावा लागतो. त्या तासांत काय बसतं आणि काय बसत नाही ते वर्गात शिकवणाऱ्यांनी ठरवावं. विषयाच्या तज्ज्ञाने सल्ला द्यावा, पण वगळण्याचा अंतिम अधिकार त्याच्या हातात नसावा. भर घालायला कोणालाही बंदी नको, फक्त बदल्यात काय जातं ते त्याच कागदावर लिहायला लावा. निम्म्या मागण्या तिथेच विरतील.

भारताचा पत्ता खोक्यात नाही, याचं आश्चर्य वाटलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये संसदेने घटनेतली मूल्यं, भीतीमुक्त शिक्षण, शक्य तिथे मातृभाषा अशी दिशा सांगितली, आणि अभ्यासक्रम आखण्याचं काम शैक्षणिक प्राधिकरणाकडे सोपवलं. कागदावर वाटणी छान दिसते. पण ते प्राधिकरण कोणतं हे सरकारच अधिसूचनेने ठरवतं. तेव्हा तज्ज्ञांना नेमतो कोण, हा प्रश्न खेळात कुठेतरी यायला हवा होता. खेळात तज्ज्ञ आधीपासूनच खुर्चीत बसलेले असतात. जपानचा पत्ता हा प्रश्न उभा करू शकला असता. तिथे इतिहासकार साबुरो इएनागा यांनी पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध 1965 मध्ये पहिला दावा लावला आणि शेवटच्या दाव्याचा निकाल 1997 मध्ये लागला. पण पत्त्यावर नाव आणि सालं सोडून काही नाही.

परीक्षेचंही तसंच. खोक्यात परीक्षा मंडळाला भूमिका नाही. अहो, वर्गात हात वर करून ‘बाई, हे पेपरला येणार का?’ असं विचारणारा मुलगा ज्याने एकदा तरी पाहिलाय, त्याला माहीत आहे की खरा अभ्यासक्रम प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या टेबलावर लिहिला जातो. विधिमंडळ आणि तज्ज्ञ भांडत बसले तरी पेपर काढणारा दोघांनाही वळसा घालून जातो. आम्ही एका खेळाडूला कोऱ्या कागदाचा तुकडा देऊन ‘परीक्षक’ केलं, त्याने फक्त शेवटी पाच पत्ते निवडायचे. त्यानंतर कोणाला आपल्या मोठमोठ्या उद्दिष्टांची आठवण राहिली नाही.

निळे पत्ते, म्हणजे शिक्षकांच्या पात्रतेचे, उरकून टाकल्यासारखे आहेत. शिकवायला कोण लायक आणि कोण नाही, हा खरं तर जास्त अवघड प्रश्न, आणि त्याला आठच पत्ते. स्कॉटलंडमध्ये अप्रशिक्षित माणसांच्या नेमणुकांवरून शिक्षकांत असंतोष होता. त्यातून 1965 च्या कायद्याने शिक्षकांची परिषद निघाली. ती नोंदणी करते, मानकं ठरवते, शिक्षकांच्याच वर्गणीवर चालते, आणि 2012 मध्ये ती सरकारपासून पूर्ण स्वतंत्र झाली. त्याच वसंतात शेजारच्या इंग्लंडने आपली तशीच परिषद, जी 2000 मध्येच सुरू झाली होती, बंद करून टाकली, आणि शिक्षकांची मानकं थेट शिक्षण खात्याची झाली. एकाच वर्षी दोन शेजारी विरुद्ध दिशेने गेले! यापेक्षा चांगला लाल पत्ता कुठे मिळणार होता?

मी परिषदेच्या बाजूची आहे, पण डोळे मिटून नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात 1996 च्या कायद्याने अशी संस्था स्थापन झाली. शिक्षकांवरच्या तक्रारी ती कशी हाताळते यावर इतकी टीका झाली की निवृत्त न्यायाधीश पॅट्रिक लसाज यांच्याकडून तपासणी करून घ्यावी लागली, आणि 2012 च्या त्यांच्या अहवालात शिस्तभंगाची प्रक्रिया बदलायला सांगितली गेली. आपल्या माणसाला सांभाळून घेणं हा फक्त राजकारण्यांचा दुर्गुण नव्हे. मानकं शिक्षकांनी लिहावीत, पण तक्रार ऐकणाऱ्या बाकावर बाहेरची माणसंही असावीत. निळ्या पत्त्यांत ही सोयच नाही : परवाना एकतर ‘सरकार’ काढतं, नाहीतर ‘परिषद’.

वस्तू म्हणून बघायचं तर पत्ते जाड आणि टिकाऊ आहेत, पट दुमडण्याच्या रेषेवर लवकर फाटतो. नियमपुस्तिकेचा टाइप इतका बारीक की चाळिशी लागलेल्या माणसाने वाचूच नये. सोंगट्यांचे दोन रंग पिवळ्या दिव्याखाली सारखेच दिसतात. वाळूचं घड्याळ निव्वळ शोभेचं, कारण चर्चा रंगली की त्याकडे कोणी बघत नाही. पूर्ण खेळाला अर्धी सुट्टी सहज जाते, त्यामुळे एका तासाच्या उद्बोधन वर्गात तो उघडूच नका, अर्धवट सोडला तर फक्त पायचा विनोद लक्षात राहतो. खेळ घेणारा सुलभक ठाम हवा. नसेल तर ज्याचा आवाज मोठा तोच अभ्यासक्रम ठरवतो.

पाचपैकी साडेतीन तारे. घ्यायचा असेल तर ‘संशोधन’ आणि ‘फिनलंड’ हे दोन पत्ते आधी बाजूला काढा, पायच्या पत्त्यामागे सिनेटची हकिगत पेनाने लिहा, एका चौकोनात एक पत्ता हा नियम लावा आणि परीक्षक नेमा. शिक्षकांना लोकप्रतिनिधी करा. आणि जमलं तर एखाद्या खऱ्या लोकप्रतिनिधीला बोलावून तज्ज्ञाच्या खुर्चीत बसवा, आम्हाला अजून तसा कोणी मिळालेला नाही.